शेंदरी कडं

१

संचालक तास्सिनारी विहिरीच्या तळाशी पडलेले सापडले ते सान मार्तीनोच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. सापडले म्हणजे मलाच सापडले. बेर्गामोहून आलेलं एक म्हातारं जोडपं माझ्याबरोबर होतं. त्यातल्या आजोबांनी हौसेनं खाली बॅटरी मारली आणि म्हणाले, "अरे वा, पुतळासुद्धा ठेवलाय की!"

पुतळ्याच्या पायात संचालकांचे तपकिरी बूट होते.

वाल्देर्नाच्या किल्ल्यात गाइडगिरी करण्यात माझा जन्म गेला. उत्तर बुरुजातल्या या कोरड्या विहिरीपाशी उभी राहून मी रोज तेच सांगते. इथं सरदारानं सख्ख्या भावाला ढकललं, भाऊ रात्रभर हाका मारत राहिला आणि या जाड भिंतींनी ती हाक बाहेर जाऊ दिली नाही. एवढं सांगून झालं की लोक न चुकता शेजारच्या भिंतीतल्या लोखंडी कड्याला हात लावतात. मरणाचं नाव निघालं की लोखंडाला शिवायचं, म्हणजे ते आपल्याकडे वळत नाही. कुणी अख्खा पंजा लावतो, कुणी चोरून एखादं बोट. शिकलेले आधी हसतात आणि मग लावतात.

आदल्या दुपारपासून बुरूज बंद होता. भिंतीवरची चित्रं दुरुस्त करायला आलेल्या लाविनियाबाईंनी त्या कड्याला गंज धरू नये म्हणून शेंदरी रंगाचा जाड थर दिला होता. माझ्या भावानं, इवोनं, वर 'रंग ओला आहे' असा पुठ्ठा टांगला आणि दार लावून घेतलं. सकाळी मी इवोकडची किल्ली घेऊन उघडलं तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं, किल्लीचे दोन्ही वेढे दिलेलं.

माझा हात आपोआप खिशातल्या त्याच किल्लीवर गेला आणि घट्ट बसला. आजी किंचाळत होत्या. आजोबा माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, हे तिकिटात धरलंय का?"

माणसाची जीभ अशा वेळी वाटेल ते बोलते.

२

फौजदार गावीनो पिरास मूळचे सार्दिनिया बेटावरचे. इतकी वर्षं आमच्या धुक्यात काढूनही त्यांनी धुक्याशी दोस्ती केलेली नाही. माणूस ठेंगणा, बोलणं हळू. त्यांनी विहिरीच्या काठाचा मोडलेला लाकडी कठडा पाहिला, खाली पाहिलं आणि मग बराच वेळ त्या कड्यापाशी उभे राहिले.

"नीवेसबाई, इकडे या जरा. हे काय आहे?"

शेंदरी रंग आता वाळला होता. त्याच्या गुळगुळीत पाठीवर दोन छोटे खळगे होते, एकमेकांपासून थोडे लांब.

"कुणाचा तरी हात लागलाय," मी म्हटलं. "रोज लागतो."

"रोज रंग ओला नसतो. ही दोन बोटं आहेत. मधली दोन कुठं गेली?" त्यांनी स्वतःचा हात हवेत धरून पाहिला. "रेषा काही उमटलेल्या नाहीत. रंग जाड होता, परत मिटला."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या खळग्यांचं काही सुचलं नाही. खालून स्ट्रेचर वर येत होतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते असं. पडून माणूस लगेच गेला नव्हता. नखांत भिंतीचा चुना होता. "संध्याकाळी कुणी खबर दिली असती तर वाचला असता," डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे काढायला लागले.

संचालकांची किल्ली त्यांच्याच खिशात मिळाली. म्हणजे बाहेरून कुलूप लागलं ते दुसऱ्या किल्लीनं. दुसरी किल्ली वेशीवरच्या खोलीतल्या खिळ्याला असते, आणि त्या खोलीत इवो राहतो. तो आणि मी दोघंही तिथंच जन्मलो. आमचे वडील किल्लेदार होते, त्यांच्यामागं तो झाला. संचालकांना त्या खोलीत पुस्तकांचं आणि फ्रीजला लावायच्या चुंबकांचं दुकान काढायचं होतं. त्यांनी इवोला खोली सोडायला सांगितलं होतं, आणि तीही कधी, तर सान मार्तीनोला. आमच्या मुलखात 'सान मार्तीनो करणं' म्हणजे बिऱ्हाड उचलणं. पूर्वी याच दिवशी जमीनदार कुळांना काढायचे आणि पोराबाळांसकट बैलगाड्या रस्त्याला लागायच्या. संचालक मिलानचे, त्यांना हे कुठलं ठाऊक? पण इवोला तो दिवस जिव्हारी लागला. भर चौकात, हातात नव्या वाइनचा पेला घेऊन तो ओरडला होता, "मला काढतोस? तुलाच त्या विहिरीत ढकलतो की नाही बघ!"

अर्ध्या गावानं ऐकलं होतं. फौजदारांनी त्याला दुपारी नेलं. सणाच्या संध्याकाळी कुठं होतास विचारलं, तर म्हणाला, "खंदकाकाठी. चेस्टनट भाजत होतो."

"कुणाबरोबर?"

"चेस्टनटांबरोबर."

असा माझा भाऊ. मी त्याच क्षणी ठरवलं, काहीही होवो, इवोला सोडवायचं. त्यानं माशी मारली नसेल आजवर.

घरी आले तर माझी लेक देलिया पांघरूण घेऊन पडलेली. देलिया किल्ल्याच्या तिकीट खिडकीवर बसते. सणाच्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून ती चर्चच्या जेवणाला आली नव्हती.

"मामाला नेलं," मी सांगितलं.

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सोडतील."

"कशावरून सोडतील? तुझं बरंय, नुसतं सोडतील म्हणायचं. आणि हे काय, नखं बघ कशी शेंदरी झालीत! भोपळा सोलल्यावर हात धुवायला काय जातं गं?"

तिनं हात पांघरुणात घेतला. मी सूप गरम करायला उठले. तिनं ते प्यायलं नाही.

३

इवो आत असल्यामुळं किल्ल्याच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या आणि फौजदार जातील तिथं मला जावं लागलं. मला ते बरंच होतं. खरा गुन्हेगार माझ्यासमोर सापडावा, एवढीच इच्छा.

पहिला चिरो. हा नापोलीचा, किल्ल्याच्या मोठ्या दालनात लग्नाच्या मेजवान्या घालायचा त्याचा बेत होता आणि संचालकांनी त्याला हाकलून लावलं होतं. सणाच्या संध्याकाळी तो वेशीवरच्या खोलीत इवोला शोधायला गेला होता हे त्यानं स्वतःच सांगितलं.

"खोलीत कुणी नव्हतं. किल्ली खिळ्याला होती का, मी नाही पाहिली. मी काय किल्ल्या मोजायला गेलो होतो?"

"बरं," फौजदार म्हणाले. आणि एकदम, काही कारण नसताना, "तुम्हाला दालन हवं होतं ना? पहिला समारंभ ठरला. शवपेटी तिथं ठेवणार आहेत, दर्शनाला."

"मादोन्ना! सकाळी सकाळी काय बोलता!" चिरोचा हात विजेसारखा विजारीच्या खिशात गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत पोवळ्याचं लाल शिंग होतं. "आजीनं दिलंय. हे नसतं तर तुमच्यासारख्यांनी मला कधीच पोचवलं असतं."

फौजदार हसले आणि निघाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा भाऊ आत सडतोय आणि यांना थट्टा सुचते!

दुसरी लाविनियाबाई. ती मचाणावर बसून एका देवदूताच्या गालावरची काजळी काढत होती. तिनं केलेलं काम बिघडलंय असं संचालकांनी वर कळवलं होतं, म्हणजे तिचं पुढचं आयुष्यच बुडालं होतं.

"मला त्यांचा राग होता," ती वरूनच म्हणाली. "लपवत नाही. पण मी कशाला ढकलू? माझं काम बिघडलेलं नाही हे त्यांना कबूल करायला लावायचं होतं मला. आता कोण करणार?"

"कड्याचा रंग कधी वाळला असेल?"

"रात्रीपर्यंत ओलाच. तो मीच लावला होता, फौजदार. माझाच ओला रंग मीच कसा चिवडीन?"

"मचाण हलतंय तुमचं," फौजदार म्हणाले. "इथून पडलात तर माणूस जागच्या जागी खलास."

मचाणाचे खांब लोखंडी होते, तिच्या कोपराला लागूनच. तिनं कापसाचा बोळा बुडवला आणि गाल पुसत राहिली. "असल्या गोष्टी आमच्या त्रिएस्तमध्ये म्हाताऱ्या मानतात. आणखी काही?"

तिसरा इवो. मला कोठडीच्या बाहेर उभं राहू दिलं. तो एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"पुठ्ठा तूच टांगलास," मी गजातून म्हटलं. "रंग ओला आहे हे तुला माहीत होतं. सांग ना त्यांना! ज्याला माहीत होतं तो कशाला हात लावेल?"

"नीवेसबाई," फौजदार मऊपणे म्हणाले, "हात विचारून लागत नाही." मग इवोकडे वळून, "या कोठडीत मागे एकानं फास लावून घेतला होता. तुम्ही बसलाय ना, अगदी त्याच जागी."

इवोचा उजवा हात गजाकडे गेला. तर्जनी लोखंडाला टेकली. करंगळीच्या जागी नुसता खुंट, कारण उचलपुलाच्या साखळीनं त्याची करंगळी तरुणपणीच नेली होती.

"एकशिंगीचं लोखंड अर्धंच ऐकतं," तो उगाच हसला. गावात त्याला एकशिंगीच म्हणतात.

फौजदार हसले नाहीत. ते त्या हाताकडे बघत राहिले. हवेत तरंगणाऱ्या त्या खुंटाकडे. इवोनंही ते पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. त्यानं झटकन हात मागं घेतला, उठून उभा राहिला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "लिहून घ्या. मीच ढकललं त्याला."

४

तिसऱ्या प्रहरी फौजदार आमच्या घरी आले. मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, दुसरीकडे विस्तव नव्हता. देलिया तिच्या खोलीत होती, दार लोटलेलं.

"तो खोटं बोलतोय!" मी म्हटलं. "तुम्हाला कळत नाही का?"

"कळतं. का बोलतोय ते कळत नाही. म्हणून तुमच्याकडे आलो."

मी कॉफी चढवली. लाकडावर चालणारी आमची जुनी बिडाची चूल, आई त्यावरच रांधायची. धुकं खिडकीला टेकलं होतं. फौजदार टोपी गुडघ्यावर फिरवत होते.

"थकलात तुम्ही," ते म्हणाले. "उद्या खिडक्या लावून घ्या. शववाहिका तुमच्याच दारावरून जाणार आहे. म्हणतात ना, ती ज्या घरापाशी थबकते त्या घरातला पुढचा नंबर."

मी कॉफी ओतत होते. माझ्या डाव्या हातात भांडं होतं आणि उजवा मोकळा.

मी ओतायची थांबले ते फौजदार गप्प झाले म्हणून. ते चुलीकडे बघत होते. मीही बघितलं. माझा हात चुलीच्या कडेवर होता. तर्जनी आणि करंगळी ताठ, बिडाला टेकलेली. मधली दोन तळव्यात मिटलेली.

"हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. आवाज इतका हलका की मला तो आवाज आजही ऐकवत नाही.

"आईनं," मी म्हटलं. "शिंगं करून लोखंडाला लावायची, म्हणजे दुप्पट गुण येतो. गावात दुसरं कुणी नाही करत असं. लहानपणी पोरं आम्हाला चिडवायची, आमच्या आडनावावरून, बोंदिओलींचे बैल म्हणून…" मी बोलत गेले, बोलत गेले आणि मध्येच मला ते कडं दिसलं. थोड्या अंतरावरचे ते दोन खळगे.

"चिरो पोवळ्याला शिवतो," फौजदार म्हणाले. "लाविनियाबाई कशालाच शिवत नाहीत. मला वाटलं होतं तुमचा भाऊच असणार. पण इवोला करंगळी नाही. त्यानं ते कडं शिवलं असतं तर एकच खळगा पडला असता. ढकलणाऱ्याचा तोल जाऊन हात लागला म्हणावं, तर माणूस मुठीनं धरतो. हा हात घाबरलेला होता. माणूस खाली गेलेला बघून लागलेला. आईनं आणखी कुणाला शिकवलं, नीवेसबाई?"

"मला," मी म्हटलं. भांडं खाली ठेवलं आणि दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. "मी केलं. मीच. माझ्या भावाला रस्त्यावर काढत होता तो. घ्या, बांधा."

"त्या संध्याकाळी तुम्ही चर्चच्या दालनात माझ्या ताटात भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली वाढत होतात. मी नको म्हणत होतो आणि तुम्ही वाढतच होतात. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत तुम्ही तिथंच होतात."

भोपळा. तो भोपळा मी सोलला होता. सणाच्या आदल्या दिवशी चर्चच्या दालनात, बायकांबरोबर गप्पा मारत, सगळाच्या सगळा. देलिया तर दिवसभर तिकीट खिडकीवर होती. तिनं भोपळ्याला हातही लावला नव्हता. आणि भोपळ्याचा रंग नखांत असा दिवसभर टिकतो का कधी? मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी डोक्यात फक्त इवो होता.

मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं. पण दार वाजलंच.

५

देलिया कोट घालून उभी होती, जणू कुठं निघालीय. पायांत मात्र सपाता.

"मामाला सोडा," ती म्हणाली.

"आत जा!" मी ओरडले. "तिला ताप आहे. तिला काही समजत नाहीये, फौजदारसाहेब."

"आई, पुरे." ती चुलीपाशी आली आणि माझ्याच पाटावर बसली. "ते एकटेच बुरुजात गेले होते. लिफ्ट बसवायची म्हणून मापं घ्यायला. मी मामाच्या खिळ्यावरची किल्ली घेऊन गेले. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की मामाला राहू दे. त्याला दुसरीकडे झोप लागायची नाही. ते हसले. म्हणाले, तुझ्या मामालाच तिकीट लावून दाखवायला ठेवतो, जुन्या वस्तूंत. मी त्यांच्या छातीवर हात मारला. जोरात नव्हता, आई. कठडा मोडला."

फौजदार काही लिहीत नव्हते.

"मी कड्याला हात लावला. का लावला मला माहीत नाही. हात चिकटला तेव्हा कळलं, रंग आहे. आणि मग खालून आवाज आला. ते माझं नाव घेत होते. देलिया, देलिया. आधी रागानं, मग गयावया करून. मी दार लावलं. बाहेर आले आणि काहीच ऐकू येईना. तू म्हणतेस ना रोज, हाक बाहेर येत नाही. खरंच येत नाही. मला वाटलं, संपलं."

"मला सांगायचंस!" माझा आवाज फाटला. "धावत यायचंस दालनात! सगळं गाव जेवत होतं!"

"आले होते. दारापर्यंत. तू हसत होतीस आई, यांना वाढत होतीस." ती फौजदारांकडे बघत होती. "यांचा गणवेश दिसला."

फौजदारांनी टोपी घातली. त्यांनी तिला बेड्या घातल्या नाहीत, तिच्या सपाता बघून म्हणाले, "बूट घाल पोरी, बाहेर गारठा आहे." मी वाकून तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. शाळेत जाताना बांधायचे तशा. गाठ काही बसेना, तेव्हा तीच म्हणाली, "राहू दे."

शववाहिका दुसऱ्या दिवशी आमच्या दारावरून गेली. मी खिडकी लावली नाही आणि कशाला शिवलेही नाही. आता राखायला उरलं काय होतं?

इवोला त्यांनी त्याच दिवशी सोडलं. प्रेत सापडलं त्या सकाळी त्यानं खिळ्यावरची किल्ली उलटी लटकलेली पाहिली होती, खोलीतल्या फडक्याला पुसलेले शेंदरी डाग पाहिले होते आणि फडकं खंदकात टाकलं होतं. पोरीला नुसतं विचारलंही नव्हतं त्यानं. नवे संचालक यायला अवकाश होता, खोली सोड असं त्याला आता कुणीच म्हणत नव्हतं. तरी तो सामान बांधत होता. मी मदतीला गेले. त्यानं आईचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, वडिलांचा कंदील गुंडाळला.

"इवो," मी शेवटी म्हटलं, "तुला सोडवण्यासाठीच धडपडत होते रे मी."

त्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"मी दोन दिवस तोंड मिटून बसलो होतो, नीवेस," तो म्हणाला. "तुला एक हात गप्प ठेवता आला नाही?"

मी हात एप्रनखाली घेतला. तो खोक्याला दोरी बांधायला लागला.